स्टाइनबेक, आधी पुस्तक मग पडदा : नोंद ४

मंडळी, जॉन स्टाइनबेकची कादंबरी ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ हातावेगळी झाली. तीस प्रकरणांना पाच आठवडे लागले. तिच्यावरचा जॉन फोर्डचा सिनेमा दोनदा पाहिला. पुस्तक एप्रिल १९३९चं, सिनेमा जानेवारी १९४०चा. इतक्या झटपट हे काम झालं, याचं अजून नवल वाटतं.

या वेळी वहीत दोन रकाने आखले होते. डावीकडे पुस्तकातले मुक्काम, उजवीकडे सिनेमातले, मध्ये जोडरेघा. ओक्लाहोमापासून कॅलिफोर्नियापर्यंत रेघा सरळ गेल्या, पुढे मात्र एकमेकींना छेदल्या. पुस्तकात काम शोधत निघालेलं जोड (Joad) कुटुंब आधी मजुरांच्या सरकारी छावणीत राहतं. तिथे माणसासारखी वागणूक मिळते, पण काम मिळत नाही. म्हणून ते पीच तोडायला जातात आणि मग हाल संपतच नाहीत. सिनेमाचा पटकथाकार नन्नली जॉन्सनने हे दोन मुक्काम उलटे केले: आधी पीचचा मळा, मग छावणी. एवढ्या एका बदलाने गोष्टीच्या उताराचा चढ होऊन बसतो.

पुस्तकाच्या शेवटी मेलेलं मूल पोटी आलेली जोडांची मुलगी रोझ ऑफ शॅरन भुकेने मरायला टेकलेल्या परक्या माणसाला अंगावरचं दूध पाजते. सिनेमात हे नाही. तिथे आई गाडीत बसून म्हणते, आपण माणसं, आपण टिकून राहणार. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फार राग आला. मग पुस्तक पुन्हा चाळलं तर हे बोलणं विसाव्या प्रकरणात सापडलं! शब्द स्टाइनबेकचेच, फक्त जागा बदललेली. सिनेमा पुस्तकाहून कठोर झालाय, असं तर त्यानेच पत्रात लिहिलं होतं.

दुसऱ्यांदा पाहताना एका दृश्यावर चारदा थांबलो. घर सोडायच्या रात्री आई जुनी पत्रं चुलीत टाकते. हाताला कानातले लागतात. ते कानांशी धरून ती आरशात बघते, मागे अकॉर्डियनवर ‘रेड रिव्हर व्हॅली’ वाजत असतं. एक शब्द नाही. आईचं काम करणाऱ्या जेन डार्वेलला ऑस्कर मिळालं ते मला या अर्ध्या मिनिटासाठीच वाटतं. शेवटचं भाषण पटतं तेही याच चेहऱ्यामुळे.

छावणीचं सांगायचं राहिलं. ती खरी होती, कॅलिफोर्नियात आर्व्हिनजवळ. तिचा व्यवस्थापक टॉम कॉलिन्स. १९३६ साली ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’साठी मजुरांवर लिहिताना स्टाइनबेक त्याच्याबरोबर हिंडला. अर्पणपत्रिकेत पत्नी कॅरलबरोबर या टॉमचंही नाव आहे आणि पुढे सिनेमाला सल्लागार म्हणूनही तोच होता. हे कळल्यावर छावणीची सगळी दृश्यं मी परत पाहिली.

मधल्या काळात ‘ओ. हेन्रीज फुल हाउस’ (१९५२) बघून घ्या. त्यातल्या ओ. हेन्रीच्या कथांची ओळख करून द्यायला खुद्द स्टाइनबेक पडद्यावर येतो. त्याचा खर्जातला आवाज आता वाचताना कानात असतो.

पुढची नोंद ‘ईस्ट ऑफ ईडन’ची. तीनशेच्या वर पानं झालीत. पण एलिया कझानने सिनेमा शेवटच्या भागावरच बेतलाय, त्यामुळे उजवा रकाना अजून कोरा आहे.