वॉशिंग्टनला एकच दिवस असेल तर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुलाकडे अमेरिकेला निघालेलं कुणी ना कुणी दुकानात येतंच. ओट्याचा दगड बघता बघता विचारतात, "काका, तुम्ही जाऊन आलात ना? वॉशिंग्टनला एकच दिवस मिळणार आहे. काय बघू?" मी म्हणतो, काळी भिंत बघा, व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांचं स्मारक. मग पुढचा प्रश्न येतोच: "व्हाइट हाऊस सोडून भिंत?"

व्हाइट हाऊस आपल्याला कुंपणाबाहेरूनच दिसतं, पाव तास पुरतो. वॉशिंग्टन स्मारकाचा 555 फुटी मनोरा मात्र जरा थांबून बघा. साधारण 150 फुटांवर त्याच्या दगडाचा रंग बदललाय. 1854 मध्ये पैसे संपले, काम वीसेक वर्षं अडलं आणि पुन्हा सुरू झालं तेव्हा दगड दुसऱ्या खाणीतून आला. सांगलीत 30 वर्षं ग्रॅनाइटचा धंदा केलाय मी. खाण बदलली की रंग जुळत नाही, हे गिऱ्हाइकांना रोज सांगत आलो. तिथे ते आभाळाएवढं दिसलं.

लिंकनच्या स्मारकातही माझी नजर अक्षरांवरच गेली. उत्तरेच्या भिंतीवर त्यांचं दुसऱ्या शपथविधीचं भाषण कोरलंय. त्यात 'फ्यूचर' शब्दातल्या एफचा चुकून ई झाला होता. खालची आडवी रेघ नंतर भरून घेतली, पण नीट बघितलं की अजून कळते. दगडात चुकलेलं अक्षर पुरतं झाकता येत नाही.

तिथून चालत पाच मिनिटांवर ती भिंत. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या अमेरिकन सैनिकांची 58,000 हून जास्त नावं तिच्यावर आहेत. 1981 मध्ये आराखड्यांची खुली स्पर्धा झाली, 1,421 प्रवेशिका आल्या. परीक्षकांना नावं न दाखवता निवड झाली आणि निवडला गेलेला आराखडा निघाला माया लिन नावाच्या 21 वर्षांच्या विद्यार्थिनीचा. खूप विरोध झाला. काळा दगड कशाला, जमिनीखाली कशाला, पुतळा का नाही? तरी 1982 च्या नोव्हेंबरात भिंत उभी राहिली. सैनिकांचा पुतळा दोन वर्षांनी आला, तोही भिंतीपासून थोडा लांब.

लांबून ती दिसतच नाही. पायवाट उतरत जाते. आधी भिंत घोट्याएवढी, मग कमरेएवढी, मध्यावर पोचेपर्यंत दहा फुटांची होऊन डोक्यावर गेलेली. अक्षरं जेमतेम अर्ध्या इंचाची. पॉलिश असं की नावांच्या आत आपलाच चेहरा दिसतो. ही बोलत बोलत चालली होती, ती आपोआप गप्प झाली.

एका गोष्टीने मी हललो, ती म्हणजे नावांचा क्रम. एका गावच्या शहीद जवानांची शिळा मी करून दिली होती. पहिलं नाव कुणाचं, यावर दोन बैठका झाल्या. हुद्द्याने लावायची, की अक्षराने, की घराण्याच्या मानाने? शेवटी जे ठरलं ते मी कोरून दिलं, पण एक म्हातारी आई शिळेपाशी नाव शोधत राहिली आणि ते अगदी खाली सापडलं, हे मनातून जात नाही. इथे हुद्दा नाही, सगळी यादी अक्षराच्या क्रमानेही नाही. ज्या क्रमाने माणसं गेली, त्या क्रमाने नावं. एका दिवशी गेलेली माणसं इथेही एकत्रच आहेत, अक्षराचा क्रम असलाच तर त्या एका दिवसापुरता. सुरुवात भिंतीच्या दोन्ही बाजू जिथे मिळतात त्या मधल्या कोपऱ्यातून, उजव्या टोकापर्यंत. मग डाव्या टोकापासून पुन्हा मध्याकडे. म्हणजे पहिली नावं आणि शेवटची नावं एकमेकांना भिडतात. त्या मुलीला हे कसं सुचलं असेल, मी अजून विचार करतो.

मी सांध्यावरून बोट फिरवत होतो. तिथल्या एका वयस्कर स्वयंसेवकाने विचारलं, कुणाचं नाव शोधताय? मुलाने सांगितलं, बाबा दगड बघताहेत, त्यांचा तोच धंदा आहे, आम्ही भारतातले. तो म्हणाला, मग हा तुमच्याकडचाच. बंगळूरजवळच्या खाणीतला.

माझा काळा माल वर्षानुवर्षं त्याच बाजूने येत होता. मी तळहात दगडावर टेकवला आणि बराच वेळ काढला नाही. शेजारी एक बाई कागदाची पट्टी नावावर धरून पेन्सिल घासत होती. एकेक अक्षर कागदावर पांढरं उमटत होतं.

तेव्हा जाल तर असं करा. तिकीट नाही, भिंत दिवसरात्र उघडी असते; सकाळी लवकर जा, गर्दी कमी असते. टोकांना नावांची जाड यादी ठेवलेली असते, ती चाळा. आणि आडवाटेने एकदम मध्यावर जाऊ नका. घोट्याएवढ्या टोकापासून चालत या.