आमची वाटचाल : आधी सेक्शन, मग थ्रीडी

फुटबॉल क्लबची मंडळी नव्या स्टेडियमचं काम घेऊन येतात तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती माणूस बसंल?" आणि दुसरा, "थ्रीडी कधी देताय?" सेक्शनचं, म्हणजे गॅलरी आणि मैदान उभं कापलं तर कसं दिसेल त्या ड्रॉइंगचं, कोणी विचारत नाही. आमच्या फर्मचं नाव झालं ते सेक्शनवर, आणि फर्म बुडायची वेळ आली तीही त्यावरूनच. म्हणून तेवढंच लिहितो. मधली वर्षं कंपाउंड, क्लबहाऊस आणि शाळांची मैदानं करण्यात गेली. बिलं वेळेवर निघाली, सांगण्यासारखं त्यात काही नाही.

आम्ही कोल्हापूरचे. इथे पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा या फुटबॉल संघांची नावं घेतली की पुढचं सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा रिकाम्या होतात. अशा गावात गॅलरीचं डिझाइन करणं म्हणजे प्रेक्षकांशी थेट गाठ. फर्म उभी राहिली ती आबांच्या लेव्हलवर, म्हणजे जमिनीचा चढउतार मोजायच्या दुर्बिणीवर. आबा आमचे पहिले भागीदार, जन्म सर्वेक्षणात गेलेला. टोटल स्टेशन हे इलेक्ट्रॉनिक यंत्र आलं तरी त्यांनी डंपी, म्हणजे जुनी साधी लेव्हल, सोडली नाही. काम सुरू करण्याआधी दोन खुंट्या 60 मीटरवर ठोकायच्या, बरोबर मध्ये लेव्हल लावून दोन्हीकडचा स्टाफ, म्हणजे आकड्यांची उभी पट्टी, वाचायचा, मग एका खुंटीजवळ लावून परत वाचायचा. दोन्ही वेळचा फरक जुळला नाही तर त्या दिवशी लेव्हल केसमध्ये. हल्लीची मुलं कॅलिब्रेशनचं सर्टिफिकेट दाखवतात. सर्टिफिकेट असावं, पण जीपमधून हादरे खात आलेल्या लेव्हलला ते माहीत नसतं.

आता सेक्शन. मैदान 105 बाय 68 मीटर, लांबी उत्तर-दक्षिण, मुख्य गॅलरी पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळच्या सामन्यात ऊन पाठीवर येतं. मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या किती वरून टचलाइनला, म्हणजे मैदानाच्या लांबीकडच्या कडेच्या रेषेला, पोचते, ती उंची म्हणजे सी व्हॅल्यू. 60 मिमी चालवून घेतात, 90 चांगली, 120 उत्तम. पहिल्या ओळीतला डोळा टचलाइनपासून 8 मीटर लांब आणि 2 मीटर उंच धरा, पायरीची खोली 80 सेंमी. पायरी 30 सेंमी उंच ठेवली तर दुसऱ्या ओळीला 91 मिमी मिळतात. तीच 30 ची पायरी वरपर्यंत नेली की सतराव्या ओळीला उरतात फक्त 38. मग तो माणूस उभा राहतो, आणि एक उभा राहिला की मागची गॅलरी उभी राहते. 90 टिकवायचे तर पायरी हळूहळू वाढवत सतराव्या ओळीपर्यंत 38 सेंमीच्या आसपास न्यावी लागते. दर ओळीला वेगळं शटरिंग, म्हणजे काँक्रीट ओतायचा साचा, परवडत नाही, म्हणून आम्ही तीन-चार ओळींचे गट करतो. जिन्याच्या पट्ट्यात प्रत्येक पायरीचे दोन समान भाग करायचे, 15 पासून 19 सेंमीपर्यंत. पायरीला पुढच्या बाजूला शंभरास एक उतार ठेवायचाच, नाहीतर पावसाचं पाणी मागच्या कोपऱ्यात साचतं आणि स्लॅब तिथूनच गळतो.

तीन हजार माणसांच्या एका गॅलरीचं हे सगळं आम्ही काढून दिलं होतं. त्याच टेबलावर दुसऱ्या एका फर्मने रंगीत थ्रीडी ठेवली. निळं आकाश, झेंडे, छतावर क्लबचं बोधचिन्ह. "डिझाइन फुकट, बांधकाम आमच्याकडे द्या." काम तिकडे गेलं. आमचा सेक्शनही तिकडे गेला, शिक्का मात्र त्यांचा.

जाताना त्यात काय बदललं ते पाहा. सगळ्या पायऱ्या 30 च्या, कारण एकच शटरिंग वरपर्यंत चालतं. आम्ही दीड मीटर रुंदीचे चार जिने दिले होते. जिन्यावरून रुंदीच्या मीटरमागे मिनिटाला 66 माणसं उतरतात असा इंग्लंडमधल्या सुरक्षा नियमांतला हिशेब आहे, आणि आठ मिनिटांत गॅलरी रिकामी व्हायला हवी. तीन हजारांना पावणेसहा मीटर लागतात, आम्ही सहा ठेवले होते. त्यांनी एक जिना व्हीआयपी केला. उरले साडेचार, म्हणजे दहा मिनिटं. दोन मिनिटांनी काय होतं, असं मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं. 16 ऑगस्ट 1980 ला ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात चेंगराचेंगरीत 16 प्रेक्षकांचा जीव गेला. दोन्हीकडचे समर्थक एकत्र बसवले की काय होतं ते तेव्हापासून माहीत आहे. म्हणून दोन पेठांचे जिने, गेट आणि पार्किंगची वाटसुद्धा वेगळी लागते, आणि गेट बाहेरच उघडलं पाहिजे.

मैदानाखाली तर त्यांनी कहरच केला. आमच्या ड्रॉइंगमध्ये काळी माती पूर्ण उपसून, वरून खाली 300 मिमी वाळूचा थर, 100 मिमी खडी, आणि चरात 100 मिमीचे छिद्रांचे पाइप दर पाच मीटरवर, दोनशेस एक उतारात. मधोमध फुगवटा अर्धा टक्का, म्हणजे टचलाइनपर्यंत 17 सेंमी. त्यांनी खडीचा थर गाळला आणि धुतलेल्या वाळूऐवजी क्रशरची भुकटी मिसळली. भुकटी पाण्याने घट्ट बसते, पाइपभोवती गुंडाळलेलं कापड तिने गच्च होतं, आणि मग खाली पाइप कोरडे, वर चिखल. वाळूतून तासाला किमान 150 मिमी पाणी उतरायला हवं. गवत लावायच्या आधी लोखंडी रिंग ठोकून, पाणी ओतून, घड्याळ लावून बघा. गवत लावल्यावर बघून उपयोग नाही.

आमची फी मात्र "काम तुम्हाला मिळालं नाही" या कारणाने अडकली ती अडकलीच. त्या कामाच्या भरवशावर घेतलेला प्लॉटर विकला, दोन ड्राफ्ट्समन गेले, भाडं आबांनी स्वतःच्या पेन्शनमधून भरलं. पुढे गळती आणि चिखल दुरुस्त करायला त्याच क्लबची मंडळी आमच्याकडे आली. दुरुस्तीचा सेक्शन काढून दिला, आगाऊ पैसे घेऊन.

नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना विचारलं नसतानाही सांगतो. स्केच दाखवून तोंडी समजवा, सेक्शन टेबलावर सोडू नका. तीन टप्प्यांत फी लावा, पहिला टप्पा लेव्हल घेण्याआधी. प्रत्येक प्रिंटवर तारीख आणि सही. आणि शटरिंगवाल्याला पायऱ्यांच्या उंचीचा तक्ता मराठीत लिहून द्या, सेंमीमध्ये, मोठ्या अक्षरांत, कारण ड्रॉइंग साइटवर पहिल्याच आठवड्यात फाटतं.

थ्रीडी आता आम्हीही करतो. त्याचं बिल वेगळं.