कोडला हात न लावता फिक्स झालेला अलर्ट

पेनटेस्टचा, म्हणजे मुद्दाम हल्ला करून सिस्टिम तपासण्याचा, रिपोर्ट आला तेव्हा आधी मी तो मानलाच नाही. एका सर्व्हिसच्या रिपोर्ट्स एपीआयमध्ये सॉर्ट पॅरामीटरमधून एसक्यूएल इंजेक्शन (बाहेरून पाठवलेल्या मजकुरातून डेटाबेसला स्वतःचा हुकूम देणं), टेस्टरने त्यात डिले घुसवून रिस्पॉन्स हवा तेवढा उशिरा आणून दाखवला होता, म्हणजे शंकेला जागाच नाही. आणि नेमकं हेच पकडायला मी कोडक्यूएलची, म्हणजे गिटहबच्या कोड तपासणाऱ्या टूलची, एक क्वेरी लिहिली होती, तिचा पॅक (वाटता येणारा क्वेरींचा गठ्ठा) करून सगळ्या जावा रेपोंना, म्हणजे कोडच्या साठ्यांना, लावला होता, आणि या रेपोचं स्कॅन तर कायम हिरवं येत होतं.

ही क्वेरी मुळात का लागली ते सांगते. कोडक्यूएल तुमच्या कोडचा एक डेटाबेस बनवतं आणि मग त्याला क्यूएल भाषेत प्रश्न विचारायचे, की रिक्वेस्टमधून आलेली स्ट्रिंग फिरत फिरत एसक्यूएलपर्यंत पोचते का. सोबत येणाऱ्या क्वेरींना जेडीबीसी, हायबरनेट, स्प्रिंगचं जेडीबीसी टेम्प्लेट वगैरे डेटाबेसशी बोलायच्या नेहमीच्या जावा लायब्ऱ्या ठाऊक असतात. पण आमच्याकडे डेटाबेसशी बोलायला कंपनीतच लिहिलेलं एक रॅपर आहे, ते जार, म्हणजे आधीच कंपाइल केलेली फाइल, म्हणून येतं, आणि जारच्या पोटातला कोड कोडक्यूएलच्या डेटाबेसमध्ये जातच नाही, मेथडचं नाव आणि सिग्नेचर तेवढं दिसतं. त्यामुळे स्ट्रिंग आमच्या ऑर्डरबाय मेथडमध्ये शिरली की स्कॅनरच्या लेखी माग तिथेच संपतो. त्यात ऑर्डर बायची (एसक्यूएलमध्ये क्रम लावायच्या भागाची) गोची अशी की तिथे प्रश्नचिन्ह टाकून बाइंड करता येत नाही, बाइंड व्हॅल्यू होते, कॉलमचं नाव होत नाही, म्हणून एरवी शिस्तीत प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरणारी माणसंसुद्धा इथे येऊन सरळ स्ट्रिंगला स्ट्रिंग जोडतात. नवीन पोरंच करतात असं नाही, चांगले अनुभवी लोक करतात.

आमच्या लीडचं म्हणणं होतं की यासाठी वेगळी क्वेरी कशाला, मॉडेल पॅक कर, वायएमएलमध्ये (कॉन्फिगच्या साध्या मजकूर फाइलमध्ये) एक ओळ टाक की या क्लासच्या या मेथडचं पहिलं आर्ग्युमेंट म्हणजे एसक्यूएल सिंक, स्ट्रिंग जिथे पोचली की धोका ते ठिकाण, बाकी काम तयार क्वेरी करेल. त्याचं चूक नव्हतं, तेवढ्याने पकडलं गेलंच असतं. पण मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक म्हणजे अलर्टच्या मेसेजमध्येच लिहिलेलं असावं की आपल्या रॅपरमध्ये कॉलमची यादी देऊन तपासणारी मेथड आहे, ती वापरा. दुसरी म्हणजे ज्यांनी आधीच परवानगीच्या कॉलमचा सेट करून कंटेन्सने तपासलंय त्यांना उगाच त्रास नको, त्यासाठी बॅरियर, म्हणजे इथून पुढे स्ट्रिंग सुरक्षित धरा असं सांगणारा भाग, नीट लिहायला लागतो. खोटे अलर्ट दोन-चारदा आले की डेव्हलपर पुढचा खरा अलर्टही उघडत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. त्या बॅरियरवर मी खूप वेळ घातला. टेस्टसाठी रॅपरच्या क्लासेसचे रिकाम्या मेथडवाले स्टब हाताने लिहिले, प्रत्येक पॅटर्नची एक चांगली आणि एक वाईट जावा फाइल, आणि एक्स्पेक्टेड फाइलमध्ये कुठल्या ओळीवर अलर्ट यायला हवा ते. मधेच डेटाफ्लोची जुनी क्लासवाली पद्धत डेप्रिकेट झाली तर सगळं मॉड्यूलवाल्या नव्या पद्धतीत परत लिहिलं. ती क्वेरी चांगली आहे, आजही मी तेच म्हणेन.

पॅकिंगचं काम बाहेरून दिसतं तेवढं सरळ नाही. क्यूएलपॅकच्या वायएमएलमध्ये नाव, व्हर्जन, जावाच्या लायब्ररी पॅकवरची डिपेन्डन्सी, शेजारी लॉक फाइल, मग पब्लिश केलं की पॅक गिटहबच्या कंटेनर रजिस्ट्रीत जातो. क्वेरी पॅक स्वतःच्या लायब्ऱ्या पोटात घेऊनच जातो, म्हणजे उद्या वरची लायब्ररी बदलली तरी आपला निकाल हलत नाही, हे मला फार आवडतं. क्वेरी कंपाइल होऊनच जातात, पण रनरवरच्या, म्हणजे स्कॅन चालतं त्या मशीनवरच्या, कोडक्यूएल सीएलआयचं व्हर्जन जुळलं नाही की तिथे परत कंपाइल होत बसतात आणि मग लोक विचारतात स्कॅनला इतका वेळ का. आणि पॅक प्रायव्हेट असेल तर ज्या ज्या रेपोला तो हवा त्याला पॅकेजच्या सेटिंगमध्ये जाऊन अ‍ॅक्सेस द्यायचा, वर्कफ्लोमध्ये (स्कॅन आपोआप चालवणाऱ्या फाइलमध्ये) पॅकेजेस वाचायची परमिशन टाकायची, नाहीतर ४०३, म्हणजे परवानगी नाही. सुरुवातीला या ४०३ वरून मला दिवसभर मेसेज यायचे. आता वाटतं ४०३ परवडला, निदान बिल्ड लाल करून सांगतो तरी की मी चाललोच नाही.

तर रिपोर्ट वाचून मी तो रेपो क्लोन केला, लोकलला डेटाबेस बनवला आणि आमचा पॅक चालवला. अलर्ट आला. बरोबर त्याच ओळीवर, रिक्वेस्ट पॅरामीटरपासून ऑर्डरबायपर्यंतचा अख्खा पाथ, एकेक टप्पा. म्हणजे क्वेरी ठीक, पॅक ठीक. मग रेपोचं कोड स्कॅनिंगचं पान उघडलं, तिथे ओपन काही नाही, म्हणून क्लोज्ड बघितलं, आणि तिथे हाच अलर्ट होता. याच फाइलचा, याच ओळीचा. स्टेटस फिक्स्ड. ज्या कमिटवर, म्हणजे रेपोतल्या ज्या बदलावर, तो फिक्स झाला असं दिसत होतं तो उघडला तर त्यात एकही जावा फाइल नाही. फक्त वर्कफ्लोची वायएमएल, आणि तिच्यात एक नवीन ओळ.

आमच्या सगळ्या रेपोंचे वर्कफ्लो एका मध्यवर्ती कॉन्फिग फाइलकडे बोट दाखवतात आणि आमच्या पॅकचं नाव त्या फाइलमध्ये आहे. त्या टीममधल्या एकाने कुठेतरी एका दुसऱ्या पॅकबद्दल वाचलं आणि चांगल्या मनाने तो आपल्या वर्कफ्लोमध्ये थेट पॅक्स या इनपुटखाली टाकला, पुल रिक्वेस्टवर (बदल मंजुरीला पाठवतात तिथे) लिहिलंय सिक्युरिटीचे अजून चेक्स अ‍ॅड केले. आणि नियम असा आहे की वर्कफ्लोमध्ये पॅक्स दिले तर ते कॉन्फिगमधल्या पॅक्सच्या ऐवजी चालतात. दोन्ही चालायला हवे असतील तर नावाआधी + टाकायचं. डॉक्युमेंटेशनमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं आहे. त्या पोरावर माझा राग नाही, त्याने स्वतःहून सिक्युरिटीसाठी काही केलं, असं करणारे किती असतात. राग आहे तो अ‍ॅप्रूव्ह करणाऱ्यांवर. जावा कोडच्या प्रत्येक ओळीवर कॉमेंट टाकणारी ही माणसं, वायएमएल दिसली की डोळे मिटून अ‍ॅप्रूव्ह, सगळीकडे हेच चाललंय.

तर एक + नव्हतं म्हणून आमचा पॅक त्या रेपोतून निघून गेला. क्वेरी चालली नाही, त्यामुळे तिचा रिझल्ट पुढच्या अपलोडमध्ये आला नाही, आणि आधी होतं ते आता नाही म्हणजे फिक्स झालं असं सिस्टिमने धरलं. अलर्ट डिसमिस करायचा असेल तर कारण निवडावं लागतं, खोटा आहे, टेस्टमधला आहे, दुरुस्त करणार नाही, आणि कोणी केलं त्याचं नाव राहतं. फिक्स्ड व्हायला ना कारण लागतं ना माणूस. सगळ्यात जास्त डोक्यात गेलं ते हे, की आमच्या कंपनीच्या डॅशबोर्डवर त्या टीमचे ओपन अलर्ट घसरलेले दिसले आणि तिमाही मीटिंगमध्ये त्यांचं कौतुकही झालं. एवढ्या लोकांमध्ये कोणालाच विचारावंसं वाटलं नाही की एका दिवसात इतके कसे कमी झाले. आकडा हवा तिकडे चाललेला असला की कोणी विचारत नाही.

त्याच दुपारी मी बाकीचे रेपो तपासायला घेतले. वर्कफ्लो कोणी स्वतः लिहीत नाही, शेजारच्या टीमचा उचलतात, त्यामुळे ती ओळ अजून काही ठिकाणी तशीच्या तशी सापडली. + टाकून स्कॅन परत चालवले की अलर्ट एकेक करून परत उघडले. ज्या टीमचे उघडले त्यांचे फोन आले, मॅडम आमच्याकडे अचानक क्रिटिकल कसे आले, आम्ही तर काही बदललंच नाही. बरोबर आहे, काहीच बदललेलं नव्हतं, तेच तर सांगत होते मी प्रत्येकाला.

आता केलंय ते असं. स्कॅन झाल्यावर जी सारिफ, म्हणजे निकालांची, फाइल बनते तिच्यात नुसते सापडलेले अलर्ट नसतात, कुठल्या पॅकचं कुठलं व्हर्जन होतं आणि कुठले रूल चालले त्यांची यादीही असते, एकही रिझल्ट आला नसेल तरी. अ‍ॅनलाइझनंतर एक स्टेप घातली, ती जेक्यू या जेसॉन वाचणाऱ्या टूलने फाइल उघडून आमच्या रूलचे आयडी शोधते आणि एक जरी नसेल तर बिल्ड पाडते. छोटीशी स्टेप आहे पण तिच्यावरून बराच वाद झाला, काहींचं म्हणणं होतं की नुसती वॉर्निंग द्या, बिल्ड कशाला पाडता. वॉर्निंग कोणी वाचत असतं तर हे घडलं नसतं, असं मी मीटिंगमध्ये बोलले आणि ते थोडं लागलं लोकांना. एकाने सुचवलं की कोडक्यूएल आता वर्कफ्लो फायलीही तपासतं तर + नसलेल्या ओळीसाठी क्वेरीच लिहू. कल्पना चांगली, पण ती क्वेरीही अशाच एखाद्या पॅकमध्ये राहणार, आणि पॅकच गळला तर ती कुठे चालणार? म्हणून तपासणी पॅकच्या बाहेरच हवी, ती स्टेप पण एका सामायिक वर्कफ्लोमध्ये ठेवलीय जी रेपोवाल्यांना बदलता येत नाही.

डॅशबोर्डचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. मला मागचे सगळे फिक्स्ड अलर्ट पुन्हा तपासायचे आहेत, प्रत्येकाचा कमिट काढून त्यात जावा फाइल बदलली होती का नुसती वायएमएल एवढंच बघायचं, स्क्रिप्टने होण्यासारखं काम आहे. वरून उत्तर आलं की मागच्या तिमाहींचे आकडे पुढे पाठवून झालेत, ते आता बदलता येणार नाहीत. आकडे नका बदलू, पण ज्या अलर्टवर फिक्स्ड लिहिलंय आणि कोड तसाच आहे त्याची यादी त्या त्या टीमकडे जायलाच हवी, असं मी परत लिहून पाठवलंय. स्क्रिप्ट तयार आहे, परवानगी आली नाही तरी आमच्या टीमच्या रेपोंवर ती मी चालवणार आहे.