सक्युलंटसाठी भांडं निवडताना आधी तळ बघा

कान तुटलेला कप, जुनी किटली, पत्र्याचा डबा, लाकडी खोका, फुटकी चाळणी: सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारी झाडं, यांतल्या कशातही लावता येतात. बहुतेकांची मुळं उथळ असतात, त्यामुळे दहा सेंटिमीटर खोलीचं कुठलंही भांडं त्यांना पुरतं. खरा प्रश्न एकच: आत गेलेलं पाणी बाहेर कुठून पडणार?

बहुतेक सक्युलंट पानांवरची रंध्रं (बारीक छिद्रं) दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडतात. त्यामुळे ती पाणी अगदी सावकाश वापरतात. इतर झाडाची कुंडी दोन दिवसांत सुकते तिथे यांची माती आठवडाभर ओली राहू शकते. ओल्या मातीत हवा शिरत नाही आणि मुळं कुजतात. वरून झाड ठणठणीत दिसत असतं, आणि एक दिवस हात लागताच पानं गळून पडतात.

‘भोक नाही, पण तळाला खडे घातलेत’ हा उपाय सगळीकडे सांगितला जातो आणि तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांत सहजी उतरत नाही; आधी माती पूर्ण भिजते, मगच ते खाली जातं. स्पंज घेऊन बघा. भिजवून आडवा धरा, गळणं थांबू द्या, मग तोच उभा करा. आणखी पाणी गळेल. ओलीचा थर तळाशी राहतोच, पण उंची जास्त असेल तर तो मुळांपासून लांब राहतो. खडे घालून आपण मातीची उंचीच कमी करतो आणि ओल मुळांजवळ आणतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवा, तेवढं बास.

चिनी मातीच्या कपाला भोक पाडायला ड्रिलचं डायमंड बिट (हिऱ्याची पूड बसवलेलं टोक) लागतं, सहा ते आठ मिलिमीटरचं. कप ओल्या फडक्यावर उलटा ठेवा आणि तळावर मास्किंग टेपची फुली चिकटवा, म्हणजे बिट घसरत नाही. ड्रिलचा हॅमर मोड (ठोके देणारा) बंद, वेग कमी, डोळ्यांवर गॉगल. तळाच्या खळग्यात थोडं पाणी असू द्या, मात्र ते ड्रिलवर उडू देऊ नका. बिट पार व्हायच्या बेताला असताना हात हलका करा. बहुतेक कप नेमके तिथेच जोर दिल्याने तडकतात. टफन्ड (उष्णता देऊन कडक केलेल्या) काचेच्या वाटेला जाऊच नका, भांड्याचा चुरा होतो. पत्र्याच्या डब्यात काठाच्या दोन बोटं खालपर्यंत पाणी भरून बर्फ करा आणि मग तळाला खिळ्याने चार-पाच भोकं पाडा. बर्फाच्या आधारामुळे तळ चेपत नाही.

माती ठरवायची ती भांडं बघून. भाजक्या मातीची कुंडी भिंतींतूनही सुकते, म्हणून तिला एक भाग पॉटिंग मिक्स (कुंडीसाठीची तयार माती) आणि एक भाग भरड चालतं. कप आणि डबे फक्त वरून आणि भोकातून सुकतात. तिथे भरड दोन भाग घ्या. भरड म्हणजे तीन ते सहा मिलिमीटरचे पर्लाइट, प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) किंवा विटांचे तुकडे, धूळ चाळून टाकलेले. बारीक वाळू नको, ती फटी बुजवते. मिश्रण ओलं करून मुठीत दाबा. मूठ उघडल्यावर गोळा आपोआप विस्कटला पाहिजे. पत्रा उन्हात तापून कडेची मुळं भाजतो, तेव्हा डब्यांना सकाळचं कोवळं ऊनच द्या.

भांडं झाडाच्या घेरापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच मोठं असावं. जास्त माती म्हणजे जास्त ओल. झाड काढल्यावर जुनी माती झटका आणि काळी, मऊ मुळं कापा. मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. मुळं धुऊन घ्या आणि ती माती टाकून द्या. जखमा सुकायला दोन-तीन दिवस सावलीत ठेवा, मग कोरड्या मिश्रणात लावा. खालची पानं मातीला टेकू देऊ नका. एचेव्हेरियाला (गुलाबासारख्या पानांच्या सक्युलंटला) बुंध्याकडून धरा. तिच्या पानावरची पांढरी पूड एकदा पुसली गेली की त्या पानावर परत येत नाही.

पहिलं पाणी पाच ते सात दिवसांनी. पुढे बांबूची काडी तळापर्यंत खुपसून बघा, ती कोरडी आली तरच पाणी, आणि मग भोकातून वाहेपर्यंत. खालची पानं सुरकुतली तर झाडाला तहान आहे. पानं पिवळी, पारदर्शक आणि मऊ झाली तर पाणी जास्त झालंय. ही दोन लक्षणं उलटी वाचली की झाड हमखास जातं.

एका भांड्यात अनेक झाडं लावताना हावर्थिया (हेही एक सक्युलंट) आणि एचेव्हेरिया एकत्र नकोत. हावर्थियाला गाळीव उजेड हवा, एचेव्हेरियाला चांगलं ऊन.

आणि भोक पाडवणार नाही इतकं भांडं आवडतं असेल, तर झाड प्लॅस्टिकच्या साध्या कुंडीत लावा आणि ती आत ठेवा. पाणी देताना बाहेर काढायची, वीस मिनिटं निथळू द्यायची, मग परत आत.