तुम्ही विचारलंत म्हणून: परत त्याच मंडळीत कसा आलो?

"एवढं झाल्यावर परत त्याच मंडळीत यायचा धीर कसा झाला हो तुम्हाला?" आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, रविवारच्या शाळेतल्या मुलांचे आईवडील हे विचारतात. विचारलंत म्हणून सांगतो.

मी मंडळीचा खजिनदार होतो. हप्ते थकले तेव्हा अर्पणाच्या पैशांतून दोन हजार उचलले, पगार झाला की भरू म्हणून. आठ महिन्यांत आकडा बेचाळीस हजारांवर गेला.

त्या दिवसांत बायबल उघडलं की मला यहूदाच दिसायचा, येशूला पैशांसाठी धरून देणारा त्याचा शिष्य. थैली त्याच्याकडे असायची आणि तीत टाकलेलं तो काढून घ्यायचा, असं योहान आपल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, लिहितो. पण पस्तावा त्यालाही झाला होता. धरून देण्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी त्यानं परत नेऊन दिली. मुख्य याजक म्हणाले, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. मग तो एकटाच निघून गेला. येशूला धरलं त्याच रात्री पेत्रानं, दुसऱ्या एका शिष्यानं, कोळशांच्या विस्तवाशी शेकत तीनदा प्रभूला नाकारलं. दोघांच्या गुन्ह्यात मला फार अंतर दिसत नाही. पेत्र मात्र बाकीच्यांत राहिला. येशू पुन्हा उठल्यावर कबरेपाशी बायकांना मिळालेला निरोप मार्काच्या शुभवर्तमानात असा आहे: शिष्यांना आणि पेत्राला सांगा. त्याचं नाव मुद्दाम घेतलंय. त्या नावावर मी कितीतरी रात्री अडून बसलो.

एका सकाळी साडेसहाला पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, घरी गेलो. वही टेबलावर ठेवली, आकड्यावर बोट ठेवलं. तोंडातून शब्द फुटेना. साहेबांनी एकेक पान वाचलं, काहीच गाळलं नाही. आत पाळकीणबाई भाकरी थापत होत्या. साहेब म्हणाले, "आधी खाऊन घे. मग पंचांकडे दोघं जाऊ." ताटलीत गरम भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आली. पहिला घास घशाखाली उतरायला फार वेळ लागला.

पुन्हा उठलेला प्रभू तिबिर्या सरोवराच्या किनाऱ्यावर पेत्राला आणि सोबतच्या शिष्यांना "या, न्याहारी करा" म्हणाला, ते मला त्या ताटलीपुढे कळलं. तिथेही कोळशांचा विस्तव होता. ग्रीक नव्या करारात तो शब्द दोनच ठिकाणी येतो, एकदा पेत्रानं नाकारलं तिथे आणि एकदा इथे. "का केलंस?" असं प्रभूनं पेत्राला विचारलं नाही. प्रीती करतोस का, एवढंच तीनदा विचारलं, आणि दर वेळी मेंढरांचं, म्हणजे आपल्या माणसांना सांभाळायचं, काम दिलं.

महिन्याला दोन हजार, असे एकवीस महिने मी फेडले. खजिनदारी गेली ती गेली, आणि ते योग्यच झालं. क्षमा मिळाली म्हणून किल्ली मागायची नसते, असं मला मनापासून वाटतं. शेवटचा हप्ता भरल्यावर साहेबांनी विचारलं, "मुलांचा वर्ग घेशील?"

आता माझ्या वर्गात नऊ मुलं आहेत. त्यांच्या अर्पणाचा एक डबा आहे. दर रविवारी दोन मुलं जमिनीवर बसून पैसे मोजतात आणि आकडा वहीत लिहितात. मी शेजारी बसून वाचतो.