अकरा वर्षांचा ‘जावई’ अखेर सापडला

इंग्लंडातल्या बेडफर्डशर काउंटीत टॉडिंग्टनजवळच्या शेतमजूर कुटुंबातल्या ज्या मुलाने जुन्या जनगणनांच्या वह्यांत मला पाच महिने दमवलं, तो सापडला! १८४१च्या जनगणनेत तो एक वर्षाचा, आईबापांच्या घरात. १८६१मध्ये एकवीस वर्षांचा, शेजारच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावात, मजुरीला. मधल्या १८५१मध्ये मात्र त्या आडनावाचा मुलगा अख्ख्या बेडफर्डशरमध्ये नाही. आडनावाची सुचतील तेवढी स्पेलिंगं घालून पाहिली होती.

शेवटी आडनावच सोडलं. नुसतं नाव, वय आणि जन्मगाव यांवर शोधलं. १८५१पासून जन्माचं पॅरिश लिहू लागले म्हणून हे जमतं. १८४१मध्ये ‘याच काउंटीत जन्म झाला का’, नाहीतर स्कॉटलंड, आयर्लंड की परदेशात, एवढंच विचारलेलं असे.

पान उघडलं तर घरचा कर्ता पुरुष भलताच. त्याच्या आडनावाखाली ओळीने ‘डिट्टो’च्या खुणा, त्यातल्याच एका ओळीत आमचा मुलगा, आणि नात्याच्या रकान्यात ‘सन-इन-लॉ’. अकरा वर्षांचा जावई! आपल्याकडे त्या काळी यात कुणाला नवल वाटलं नसतं. पण इंग्लंडात चौदाच्या आत मुलाचं लग्न कायद्याने होत नव्हतं. मग उलगडा झाला. तेव्हाच्या इंग्रजीत सावत्र मुलालाही ‘सन-इन-लॉ’ म्हणत. बाप गेला, आईने दुसरं लग्न केलं, आणि घरच्यांनी म्हणा की घरी भरलेल्या तक्त्यावरून वहीत उतरवणाऱ्या गणकाने म्हणा, पोराला नवं आडनाव लावलं.

एवढ्यावर विसंबायचं नव्हतं. आईच्या दुसऱ्या लग्नाची १८४४ची नोंद काढली. त्यात ती विधवा असल्याचं लिहिलंय, तिच्या वडिलांचं नावही आहे, म्हणजे माहेरचं आडनाव मिळालं. जन्म, लग्न, मृत्यूंच्या सरकारी नोंदी ठेवणाऱ्या जनरल रजिस्टर ऑफिसच्या ऑनलाइन सूचीत मुलाच्या जन्मनोंदीपुढे आईचं माहेरचं आडनाव तेच! तिचं वय आधी खटकत होतं, १८४१मध्ये पंचवीस आणि १८५१मध्ये सदतीस. पण १८४१ला पंधरावरच्यांची वयं पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची होती. सत्तावीसचे पंचवीस झाले, एवढंच.

त्या पानावरून नजर हलत नाही. पुरुषांपुढे घरामागून घर तेच, शेतमजूर. बायकांपुढे काडाच्या वेण्या विणणारी. ल्यूटनच्या टोप्यांसाठी गव्हाच्या काडाच्या या वेण्या घरोघर विणत. आमच्या मुलाच्या सहा वर्षांच्या सावत्र बहिणीपुढेही तोच धंदा लिहिलाय. सहा वर्षांची पोर! १८४१मध्ये बाळ असलेला भाऊ अकराव्या वर्षी नांगरामागे, ही घरात वेण्या विणतेय, आणि या सगळ्याला वहीत मिळून दोन ओळी.

आता त्याची सख्खी मोठी बहीण. १८४१मध्ये ती तीन वर्षांची होती, १८५१च्या या घरात नाही. तेराव्या वर्षी कुणाकडे कामाला राहिली असेल, म्हणून आधी तिलाही आडनावाशिवाय शोधतेय. नाहीच मिळाली तर मृत्यूंची सूची उघडेन. ती अजून उघडलेली नाही.