फादरांची काळी वही

आपल्या शाळेच्या अमृतमहोत्सवाचं पत्र वाचलं आणि डोळ्यांपुढे फादर उभे राहिले. बाकीच्या गुरुजनांनी मला क्षमा करावी. या स्मरणिकेतली माझी जागा मी त्यांनाच देणार आहे.

१९८३. आठवीत ते आपल्याला मराठी शिकवायचे. रविवारी पुण्यातल्या पंचहौदच्या पवित्र नाम देवळात, म्हणजे चर्चमध्ये, पांढरा झगा. एरवी अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि सायकलच्या कॅरियरला आपल्या वह्यांचा गठ्ठा. त्या वर्षी माझी आजी गेली. वडील आधीच गेलेले, म्हणून क्रियाकर्म माझ्याकडून झालं आणि मी डोक्याचा गोटा घेऊन शाळेत आलो. मधल्या सुट्टीत पोरांच्या टपल्या चुकवत पाण्याच्या टाकीमागे जाऊन बसलो, तर फादर शेजारी येऊन टेकले.

"आजीचं नाव काय रे?"

मी सांगितलं. त्यांनी खिशातून छोटी काळी वही काढून ते शाईच्या पेनानं लिहिलं.

"काय करायच्या?"

"मंडईत मेथी-कोथिंबीर विकायची."

तेही लिहिलं. घंटा झाली, आम्ही वर्गात गेलो.

आज भोसरीत माझं वर्कशॉप आहे, चाळीस माणसं हाताखाली आहेत. कामाच्या रगाड्यात फादरांना भेटणं वर्षानुवर्षं राहून गेलं, याची खंत आहे. अखेर २ नोव्हेंबर २०२४ ला, ऐन पाडव्याच्या दिवशी, पहाटेच देवळात पोचलो. बाहेर फटाके, आत जेमतेम पंधरा माणसं. त्या दिवशी ऑल सोल्स डे, म्हणजे गेलेल्यांच्या स्मरणाचा दिवस असतो, हे मला तिथे कळलं. फादर आता ८१ वर्षांचे. पासष्टीला निवृत्त झाले, तरी पाळकसाहेब बाहेरगावी असले की उपासना तेच घेतात. गळ्यात जांभळा पट्टा घालून ते वेदीपाशी उभे राहिले, काळी वही उघडली आणि गेलेल्यांची नावं वाचू लागले. बराच वेळ वाचत होते. मध्येच माझ्या आजीचं नाव आलं. पुढे म्हणाले, "मंडईत भाजी विकणाऱ्या."

एक्केचाळीस वर्षं! दर २ नोव्हेंबरला ते नाव त्या देवळात उच्चारलं जात होतं आणि आमच्या घरात कुणाला पत्ता नव्हता.

तो दिवस मी त्यांच्याबरोबरच काढला. उपासनेनंतर दफनभूमीत गेलो. तिथे ज्या कबरींवर फुलं नव्हती, त्यांच्यापाशी ते जास्त थांबत होते. मग एका अंथरुणाला खिळलेल्या आजींना घरी जाऊन प्रभुभोजन दिलं. भाकरीचा तो कागदासारखा पातळ तुकडा आजींना गिळवेना, तेव्हा फादरांनी तो चमच्यातल्या पाण्यात भिजवून भरवला. परत आल्यावर चहा. चहा म्हटला की त्यांना हटकून १८९० आठवतं. याच पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं होतं. दुपारी एक मुलगा पणजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद शोधत आला. जुन्या रजिस्टरातलं ते वळणदार, फिकट इंग्रजी अक्षर आता फादरांनाच सहज लागतं. तासभर भिंग धरून बसले आणि नोंद काढून दिली.

देऊळ १८८५ सालचं, काउली फादर्स या अँग्लिकन धर्मगुरूंच्या संघाच्या मिशनचं. १९७० साली नागपूरला सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या चर्चसंस्था, एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा फादर विशीत होते. "पाटी बदलली, पण गुडघे टेकायची जागा तीच राहिली," म्हणाले. मनोऱ्यात आठ घंटा आहेत. लहानपणी गुरुवार पेठेतल्या आमच्या खोलीत त्यांचा नाद यायचा. आता रहदारीत काही ऐकू येत नाही. आपल्या शाळेतही मराठीच्या तुकड्या कमी झाल्याचं कळलं. फादरांना ते सांगायचं माझ्या जिवावर आलं.

संध्याकाळी निघताना पाया पडलो, तर म्हणाले, "आई कशी आहे?"

"मार्चमध्ये गेली, फादर."

त्यांनी वही काढली. हात फार थरथरत होता. पेन माझ्याकडे देत म्हणाले, "तूच लिही. आणि काय करायच्या, तेही लिही."

आजीच्या पानावर खाली थोडी जागा होती. आईचं नाव लिहिलं आणि पुढे लिहिलं, "शाळेतल्या मुलांचे गणवेश शिवायची."